शैवालांची साक्ष

समुद्र खोटं बोलत नाही, असं आमचे प्राध्यापक डोळे मिटून सांगत. समुद्रातली काही सूक्ष्म शैवालं पाण्याच्या तापमानाप्रमाणे आपल्या चरबीची घडण बदलतात. ती मरून गाळात गेली, तरी हजारो वर्षांनी त्या चरबीवरून पाणी किती ऊबदार होतं ते कळतं. अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या तळघरातल्या थंड कपाटात माझी नागपूरची सहकारी अशीच शैवालं पंधरा अंशांवर वाढवत होती. तिची पीएचडी त्यांच्यावर टांगलेली होती.

कपाटावरचा तापमानाच्या आकड्यांचा छोटा पडदा कायम पंधरा दाखवायचा. शैवालांची चरबी मात्र दर वेळी वीस म्हणायची.

"यार, यांना कोणीतरी ऊब देतंय," ती एकदा म्हणाली. मी हसलो, पण तळघरात एकटं जाणं टाळू लागलो.

एका रविवारी सकाळी जावंच लागलं, तर कपाटावर शाल पांघरून कोणीतरी बसलं होतं. बुटकं आणि डोकं नसलेलं. मी दारातूनच तिला फोन केला.

"हात नको लावूस," ती घाईघाईने म्हणाली. "हललं तर मोडेल."

"काय मोडेल?"

"दही. इथल्या थंडीत घरी लागतच नाही रे. हिवाळाभर तिथेच लावतेय."

कपाटाची गरम हवा जिथून बाहेर पडते, त्याच जाळीवर तिचं पातेलं होतं. शालीने जाळी बंद झाली की आतलं पाणी तापायचं. पडदा मात्र पाण्याचं तापमान दाखवतच नव्हता, आपण मागितलेलं दाखवत होता. तिला सगळे प्रयोग पुन्हा करावे लागले.

दही घट्ट लागलं होतं.