तुळशीपाशी ठेवलेला पेला

हुसेनभाईच्या सोड्याच्या शेडमागं फुटक्या बाटल्यांचा ढीग होता. ढीग करायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. रोज एकदोन पडायच्या, वर्षानं बघावं तर कमरेएवढा. माझ्याकडच्या या गोष्टींचं तसंच झालंय. मी चौथीतनं शाळा सोडली, त्यामुळं नटवून सांगता येत नाही. पाहिलं ते सांगतो. पटलं तर बसा, नाहीतर वाट मोकळी आहे.

पिंपरीला औषधांची फॅक्टरी नुकती उभी राहिली होती, त्या वेळचं हे. चिंचवडात आमच्या आळीत एक रीत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याही मंडळी यायची, सीमांतपूजन व्हायचं, मग पंगत. त्या पंगतीला प्यायला काय द्यायचं, हे नवरीचा बाप ठरवत नसे. त्या घरात जो शेवटचा गेला, त्याच्या आवडीचं पेय सगळ्यांना द्यायचं. त्यातलाच एक पेला तुळशीपाशी त्याच्यासाठी ठेवायचा. पाहुण्यांना यातलं अक्षर सांगायचं नाही. का, ते विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं, तर थोबाडीत बसली.

हे पेयाचं खातं आम्हा तिघांकडं असायचं. मी, गेनू सुतार आणि हुसेनभाई सोडेवाला.

* * *

किसन न्हाव्याची आई दम्यानं गेली. शेवटची सात वर्षं ती अडुळशाच्या काढ्यावर होती. काढा असला कडू, की वासानं मांजर घर सोडून जाईल. म्हातारी मात्र मिटक्या मारत प्यायची.

वर्षानं किसनच्या पोरीचं लग्न निघालं. म्हणजे व्याह्यांना काढा. किसनला लाज वाटली. आमचा डोळा चुकवून त्यानं पातेल्यात साखर ओतली, चांगली दोन शेर. तरी दापोडीच्या व्याह्यानं पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "लग्नाला आलोय का दवाखान्यात?"

सकाळी तुळशीपाशी गेलो. पेल्यात काढा नव्हता. तळाशी नुसती साखर होती. कोरडी, दाणेदार, पुडीतनं आत्ता काढल्यासारखी.

गेनूनं बोटावर घेऊन चाटली. "गोड आहे," म्हणाला. पुढं तीन वर्षं त्यानं चहात साखर घेतली नाही.

* * *

तुका पैलवानाच्या थोरल्या भावाला गोटी सोड्याचं वेड होतं. तो गेला आणि त्यांच्या घरच्या पंगतीला हुसेनभाईच्या बाटल्या आल्या. हुसेनभाईचा या रीतीवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणायचा, आमच्यात असलं काही नाही, पण गिऱ्हाइकाची रीत ती आपली रीत.

तुळशीपाशी त्यानं बाटली न फोडताच ठेवली. मी म्हटलं, पेल्यात ओत की. तर म्हणतो, "ओतली की वारा जातो. ज्याला प्यायचाय तो फोडेल."

पंगत रंगात आली होती आणि अंगणातनं गोटी दाबल्याचा आवाज आला. फट्‌. सगळ्यांनी ऐकला. पाहुण्यांना वाटलं, पोरं असतील. आम्ही तिघं उठून गेलो. अंगणात कुणी नव्हतं. बाटली अर्धी, फेस अजून खाली बसत होता.

हुसेनभाईनं बाटली उचलून उजेडात फिरवून पाहिली. "बाटली माझी, गोटी माझी, वारा पण मीच भरला," तो म्हणाला. "अंगठा कुणाचा?"

ती बाटली त्यानं पुन्हा कधी भरली नाही.

* * *

नगरकडचा एक जण फॅक्टरीत लागला होता. मॅट्रिक पास. आळीत खोली घेऊन राहायचा. बहिणीचं लग्न त्यानं त्याच खोलीवरनं केलं. आमची रीत ऐकून हसला, तरी म्हणाला, करू की, त्यात काय. त्याचा आजा कॉफी प्यायचा, म्हणून कॉफी केली.

पंगतीत पहिला म्हणाला खारट आहे. दुसरा म्हणाला खारट आहे. डबा पाहिला, साखरच. पुन्हा केली, पुन्हा खारट. नगरकर घामाघूम.

खोलीच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "आजा तुमचा नगरच्या घरचा. या खोलीत शेवटची गेली ती तुमच्या आधीची भाडेकरीण. मीठ-लिंबाचं पाणी प्यायची."

रीत घराची असते, माणसाची नसते. मॅट्रिकला हे शिकवत नसावेत.

* * *

गेनूचा बाप हातभट्टीवर जगला आणि हातभट्टीनंच गेला. गेनूच्या बहिणीच्या लग्नात मोठीच पंचाईत झाली. दारूबंदीचे दिवस, त्यात नवऱ्या मुलाचा मामा पोलीस हवालदार. शिवाय माळकरी. दारूच्या वासालाही न उभा राहणारा.

आम्ही बसून विचार केला आणि लिंबाचं सरबत दिलं. तुळशीपाशीही तेच. गेनू पेल्याकडं बघून म्हणाला, "बाबा, या बारीला समजून घे."

हवालदारानं दुसरा ग्लास संपवला आणि पानावरनं उठला. चाल बदललेली. गेनूपाशी येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला नि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गेन्या, तांबडा बैल विकलास न्हवं? मला न विचारता?"

हवालदार त्या दिवशी पहिल्यांदा चिंचवडात आला होता. बैल विकला होता बाप गेल्यावर तेराव्या दिवशी.

मग हवालदार जागेवर जाऊन बसला आणि सगळे गप्प का, असं आम्हालाच विचारायला लागला.

गेनू माझ्या कानात म्हणाला, "दारूच द्यायला पाहिजे होती. पिऊन झोपला तरी असता."

* * *

आता आमच्या घरचं.

माझा थोरला भाऊ मारुती लॉरीवर कामाला गेला, तो परत आला नाही. पहिली दोन पत्रं आली, मग तीन वर्षं काही नाही. त्याला फोडणीचं ताक लागायचं, हिंग मारलेलं. कढीपत्ता मात्र चालायचा नाही. पान तोंडात आलं की काढून पेल्याच्या काठाला चिकटवायचा. आई रोज ओरडायची, रोज तेच.

धाकट्या बहिणीचं, सोनाचं लग्न ठरलं. मुलगा चाकणचा. घरात शेवटचे गेले ते आमचे वडील, मारुती लॉरीवर जायच्या आधीच; त्यांना गुळाचा कोरा चहा आवडायचा. पण आळीतली म्हातारी माणसं गोळा झाली आणि म्हणाली, ताक करा. ताक करायचं म्हणजे मारुती गेला असं घरानं कबूल करायचं.

आई चुलीपुढनं उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "कुणी पाहिलं त्याला मेलेलं? न्हाई ना? मग सुतक पाळू का लग्न लावू? माझं लेकरू हाय. चहाच व्हईल."

सोना रडायला लागली. मीही आईला समजावलं, तर मला म्हणाली, "तुला भाऊ नको असंल, मला लेक पायजे." हुसेनभाईनं बाहेर नेऊन मला सांगितलं, "म्हातारीला हरवू नको. चहा ठेव."

चहा ठेवला. चाकणकरांना सांगितलं होतं की थोरला मुंबईला असतो, रजा मिळाली नाही. दिवेलागणीला पंगत बसली. आई स्वतः किटली घेऊन वाढत होती, ताठ मानेनं. तुळशीपाशी वडिलांचा चहा ठेवलेला होता.

तेवढ्यात व्याह्यांची म्हातारी आई हात धुवून अंगणातनं आत आली. आईला म्हणाली, "ताई, तुळशीच्या कट्ट्यावर कोण पोरगं बसलंय वो? लांबनं आल्यागत दिसतंय, पाय धुळीनं भरल्यात. चहा घे म्हटलं, तर नको म्हणालं."

आईनं विचारलं, "आनि काय म्हणालं?"

"म्हणालं, अजून चहाच देताय व्हय?"

मी अंगणाकडं निघालो. आईनं माझा हात धरला. जाऊ दिलं नाही. किटली खाली ठेवली. मग गेनूला म्हणाली, चार घरं फिर, मिळंल तेवढं ताक आण. फोडणी तिनंच दिली. हिंग घातला, कढीपत्ता घातला. चाकणकरांनी ताक मागून मागून घेतलं. वडिलांचा चहा उचलून तिथं तिनं दुसरा पेला ठेवला, आणि कपाळावर पदर ओढून सोनाला जवळ घेऊन बसली.

सकाळी वाजंत्री सुरू व्हायच्या आत मी तुळशीपाशी गेलो. पेला रिकामा होता. काठाला कढीपत्त्याचं एक पान चिकटवलेलं होतं.