मामाजींचा आक्षेप

तमाम वाहनचालकांना, सायकलस्वारांना, दूधवाल्यांना आणि घोड्यावर बसलेल्या नवरदेवांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे, की भिलाईच्या रुआबांधा भागात पृथ्वी इतर ठिकाणांपेक्षा जरा सावकाश फिरते. याला भूगोल जबाबदार नाही. याला माझ्या बायकोचे मामा जबाबदार आहेत.

अख्खा मोहल्ला त्यांना मामाजी म्हणतो. बायकोचे मामा म्हणून मी म्हणतो, सासरे म्हणून त्यांची सून वर्षा म्हणते, कारण आम्हा विदर्भातून आलेल्या माणसांत सासऱ्याला मामाजीच म्हणतात, आणि बाकीचे लोक आम्ही दोघं म्हणतो म्हणून म्हणतात. मामाजी भंडाऱ्याकडून मिसरूड फुटायच्या वयात इथं आले, प्लांटात लागले, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं. भट्टीतून निघालेलं वितळलेलं लोखंड मोठमोठ्या डब्यांत भरायचं आणि ते डबे मामाजींच्या इंजिनानं पोलाद होतं तिथवर ओढत न्यायचे. लोखंड हिंदकळू नये म्हणून ते इंजिन इतकं हळू चालायचं, की त्याच्यापुढे झेंडी घेऊन चालणारा गडी मध्येच थांबून तंबाखू मळायचा, शेजारच्याला चिमूटभर द्यायचा, आणि तरीही इंजिनाच्या पुढेच असायचा. सगळी उमर त्या चालीनं गेल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. मामाजींच्या लेखी जगातल्या प्रत्येक वाहनात उकळतं लोखंड भरलेलं असतं. एकदा मी म्हटलं, मामाजी, ही साधी स्कुटी आहे, हिच्यात काय सांडणार? त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी फक्त अडाणी जावयांसाठी राखून ठेवलेली असते. म्हणाले, "जवाईबापू, मागं बसेल लेकरू सांडत नाही का?"

निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी जातात. मामाजी एक लाल आणि एक हिरवी झेंडी घेऊन आले. समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं आणि रेतीचे डंपर येऊ लागले, तेव्हा त्या झेंड्यांचं सार्थक झालं. डंपर गल्लीच्या तोंडाशी दिसला की मामाजी पायांत चपला सरकवून बाहेर पडत आणि हिरवी झेंडी उंच धरून त्याच्यापुढे चालू लागत. मागे डंपर, डंपरमागे पाण्याचा टँकर, टँकरमागे शाळेची व्हॅन, आणि सगळ्यात पुढे पांढऱ्या बंडीतले मामाजी, असं वाटायचं की रेतीची मिरवणूक निघाली आहे. खुर्सीपारचा एक ड्रायव्हर पहिल्या दिवशी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उतरला होता. त्याला मामाजींनी ओट्यावर बसवून चहा पाजला आणि लोखंड सांडलं की काय होतं ते सविस्तर समजावलं. तेव्हापासून मामाजी गल्लीच्या तोंडाशी दिसले नाहीत तर तो ड्रायव्हरच हॉर्न वाजवून त्यांना बोलावून घ्यायचा. एका संध्याकाळी मात्र डंपरऐवजी वरात आली. नाचणाऱ्यांमुळे ती मामाजींपेक्षाही हळू चालली होती. मामाजी चालता चालता पुढे निघून गेले, वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव उमटला. "स्पीड हे अशी पायजे," ते बँडवाल्यांना म्हणाले आणि कौतुकानं हिरवी झेंडी हलवत राहिले. नवरदेवाला वाटलं, हा वधूपक्षाचा कोणी मोठा माणूस आहे. त्यानं घोड्यावरूनच वाकून नमस्कार केला.

अशा माणसाला नागरिक समितीवर घेऊ नये, हे कोणालाही कळलं असतं. महापालिकेच्या झोन ऑफिसला कळलं नाही. आमच्या भागात कोणत्या रस्त्यावर गाड्या किती वेगानं चालाव्यात आणि कोणत्या राहत्या घरात दुकान, क्लास, पार्लर काढू द्यावं, यावर मोहल्ल्याचं मत घ्यायला ही समिती केली. अध्यक्ष झाल्या साहू मॅडम, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सचिव झालो मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. आणि सदस्य झाले मामाजी, कारण पहिल्या बैठकीला ते सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडून बसले होते.

वेगाची पाटी वीसची लागली. मामाजींचा आग्रह होता की पाटीवर आकडा नकोच, म्हाताऱ्या माणसाचं चित्र असावं, आणि त्याच्यापुढे जाणारा तो गुन्हेगार. ते हरले, पण पाटीखाली उभं राहून तपासणी सुरू केली. यंत्र नव्हतं, म्हणून गमछा कामाला आला. आमच्याकडं उन्हाचं निम्मं गाव तोंडाला गमछा गुंडाळून गाडी चालवतं. ज्याच्या गमछ्याचं टोक पाठीवर पडून आहे तो सज्जन, ज्याचं टोक वाऱ्यावर उडतंय तो बेशिस्त, असा मामाजींचा निकष. पोट्ट्यांनी लगेच गमछ्याची टोकं शर्टात खोचायला सुरुवात केली. मामाजींनी खोचलेली टोकं हाच गुन्ह्याचा पुरावा धरला.

जागेच्या परवानगीचे अर्ज आले की मामाजींचा एकच प्रश्न असे: गाड्या कुठं ठेवाल? व्यायामशाळा काढणाऱ्याला त्यांनी अट घातली की वजन कमी करायला येणाऱ्यानं पायीच यायचं, अर्धं काम रस्त्यातच होईल. लोक चौकापर्यंत मोटारसायकलनं येतात आणि तिथून मामाजींच्या समोरून घाम पुसत चालत जातात. अर्जदार रडकुंडीला आला, पोराबाळांचं, आजारपणाचं सांगू लागला, की मामाजी हात जोडायचे आणि त्यांचं सुप्रसिद्ध वचन ऐकवायचे. "भाऊ, मानसाची अडचन हे कारन नोहे. रस्त्याची अडचन हे कारन होय." रविवारी बुद्धविहारात जाऊन आलेला हा माणूस कायद्याविषयी बोलू लागला की आवाज खाली आणायचा, जसा घरात कोणी झोपलेलं असावं. आपल्या लोकांना कायद्यानं माणसात आणलं, म्हणायचे, आता आपणच त्याला वाकवायचा म्हणजे काय?

समितीचा सगळ्यात कडक नियम त्यांच्याच डोक्यातून निघाला. लग्नाचं लॉन काढू पाहणाऱ्या एकानं सुनावणीच्या आधी शेजाऱ्यांना पोहे आणि जिलबी खाऊ घातली, आणि सगळ्यांनी भरल्या तोंडानं आक्षेप मागे घेतले. मामाजी संतापले. त्यांनी ठराव आणला: एका नागरिकाचाही आक्षेप उभा असेल तर अर्ज नामंजूर, आणि आक्षेप मागे घ्यायचा असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं. ठराव पास झाला. साहू मॅडम म्हणाल्या, "मामाजी, ये नियम किसी दिन आपको ही काटेगा." मामाजींना तो आशीर्वाद वाटला.

आता वर्षाविषयी सांगितलं पाहिजे. मामी होत्या तोवर मामाजी म्हणतील ते खरं असायचं. मामी गेल्या, वर्षा सून म्हणून आली, आणि घराला विरोधी पक्ष मिळाला. सकाळी ती स्कुटी काढायची तेव्हा हे फाटकात लाल झेंडी घेऊन उभे. ती म्हणायची, "मामाजी, सरका, पोरीची शाळा हाय, लोखंड नाही पोचवून राहिली मी." कुकरची शिटी लवकर झाली तरी हे स्वैपाकघरात जाऊन एवढी घाई कावून म्हणून विचारायचे, आणि ती त्यांना वरणाचा चमचा चाखायला देऊन वर सुनावायची की शिजायला तुमची परवानगी लागत नाही. भांडण दुपारी जेवणापाशी थांबे आणि चहानंतर जिथं सोडलं तिथूनच सुरू होई. मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, बिचारी. मी त्या घरात बरंच बसलो आहे. बिचारं कोणीच नव्हतं.

मग मामाजींच्या मुलाचं ठेकेदाराकडचं काम सुटलं. त्याला नागपूरला नोकरी लागली, त्यानं तिथं खोली घेतली. वर्षानं एक तोड काढली: समोरच्या खोलीत दुपारच्या जेवणाची मेस काढायची, ती चालली तर नवरा परत येईल, दोघं मिळून चालवतील. परवानगी नाही मिळाली तर दिवाळीनंतर पोरीला घेऊन नागपूरला जायचं. मामाजींनाही चला म्हणाली, एकदा नाही, रोज म्हणाली. मामाजींनी साफ सांगितलं की ज्या गावात रस्ता ओलांडायला माणसाला ताटकळावं लागतं तिथं ते राहणार नाहीत. म्हणजे परवानगी नाही तर सून नाही, नात नाही, आणि त्या घरात हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि मामाजी. हे सगळ्या रुआबांध्याला कळत होतं. फक्त मामाजी त्याविषयी अक्षर बोलत नव्हते.

अर्ज समितीपुढं आला. घर मामाजींच्या नावावर, त्यामुळे घरमालक म्हणून संमतीची सही त्यांनी केली, सुनेचा हक्क आहे म्हणाले. मग बैठकीत उठून सदस्याची खुर्ची सोडली, घरचं प्रकरण आहे, मी निर्णयाला बसणार नाही म्हणाले. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. तोच हा माणूस सामुदायिक भवनाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आक्षेप घेणाऱ्यांच्या बाकावर एकटाच बसला आणि हात वर केला. नागरिक म्हणून त्यांचा आक्षेप होता.

"मामाजी, आप ही के घर पर?" साहू मॅडम म्हणाल्या.

"घर कोनाचं बी असो, रस्ता सगळ्याईचा हाय," मामाजी म्हणाले.

वर्षा पदर खोचून उभी राहिली. मामाजींनी तिला विचारलं, गाड्या कुठं ठेवाल. ती "मामाजी..." म्हणून सुरू करणार तोच त्यांनी अडवलं, की इथं मामाजी नाही, आक्षेपक महोदय म्हणा. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. वर्षा अजिबात हसली नाही.

"आक्षेपक महोदय," ती म्हणाली, "गाड्या येनारच नाहीत. लोक पायी येतीन."

"पायी कोन येते जेवाले?"

मग तिनं गल्लीनिहाय सांगायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचे क्रेनवाले काका, ज्यांची दोन्ही मुलं पुण्यात आहेत. मंदिरामागच्या वर्मा आंटी, मुलगी हैदराबादला. विहाराजवळच्या दोघी बहिणी. रेल्वेतले निवृत्त गार्ड, जे रात्रीचाच भात सकाळी खातात आणि कोणाला सांगत नाहीत. तिनं कुणाची कीव केली नाही, नुसतं सांगितलं, जसं भाजी काय काय आणायची ते सांगावं.

"हे सगळे हळूहळू चालत येतीन, जेवतीन, हळूहळू चालत जातीन," ती म्हणाली. "त्याईच्या घरी गाडी चालवनारं कोनी उरलंच नाही."

मामाजींनी पुढचा प्रश्न तोंडात आणला आणि गिळला. साहू मॅडमनी चष्मा पुसला, आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, आक्षेप कायम आहे की मागे घेता? मामाजी उभे राहिले. मागे घेतो, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, आपलाच नियम आहे, कारण सांगावं लागेल.

आज मेस चालू आहे. मुलगा परत आलाय, वरण तो वाढतो. दुपारी आमच्या रस्त्यानं म्हातारी माणसं एकमेकांना धरून जातात, आणि मामाजी पाटावर बसायच्या आधी मिठावरून वर्षाशी वाद घालून घेतात. अलीकडं त्यांना फाटकापर्यंत यायलाही वेळ लागतो, त्यामुळे डंपर आपले आपणच हळू जातात. त्या दिवशी मामाजींनी काय कारण सांगितलं, याच्या मोहल्ल्यात बऱ्याच कथा आहेत. कोणी म्हणतं, त्यांनी वृद्धांच्या हक्कांवर भाषण केलं. कोणी म्हणतं, पायी येणारा ग्राहक म्हणजे वाहतूक नव्हे, असा मुद्दा काढला. स्वतः मामाजी विचारणाऱ्याला रस्त्याची रुंदी सांगतात. पण मी सचिव होतो, कारण लिहून घ्यायला त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा होतो, आणि तो माणूस कारण शोधत खाली फरशीकडं बघत होता हे मी पाहिलं आहे. मग त्यांनी मान वर केली, मॅडमकडं नाही, वर्षाकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून हळूच निघून गेलं:

"कारन काय इचारता मॅडम, हे गेली तं मी भांडू कोनासंग?"