पांढऱ्या डोळ्यांची कावीळ

त्या दिवसांत मी महाराजांकडे एकच मागणं मागत होते, की आमच्या घरी कुणी येऊ नये. लोक देवाकडे मूलबाळ मागतात, नोकरी मागतात, आणि मी दर गुरुवारी थेरगावच्या दत्तमंदिरात हात जोडून म्हणायची, आज दाराची बेल वाजू देऊ नका. मागणं विचित्र आहे हे मलाही कळत होतं. पण आतल्या खोलीत माझे मिस्टर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि त्यांना तसं कुणी पाहिलं तर आमचं सगळंच संपेल असं मला वाटायचं. महाराज ऐकतात की नाही, याचीही तेव्हा खात्री राहिली नव्हती.

हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. लातूरकडून आले तेव्हा हेल्पर होते, पुढे प्रेस मशीनवर साचे बसवणारे सेटर झाले. कंपनीची बस डांगे चौकात यायच्या आधी हे तिथे उभे असायचे. असा माणूस दिवाळीनंतर हळूहळू विझत गेला. आधी झोप गेली, मग जेवण, मग बोलणं. एका सकाळी बूट घालायला बसले ते तसेच बसून राहिले, आणि बस निघून गेली. सुपरवायझरचा फोन आला तेव्हा हेच पुटपुटले, "कावीळ सांग." कामगारांत ही रीतच आहे. कावीळ म्हटलं की महिना-दीड महिना कुणी खोदून विचारत नाही, आणि परत आलेला माणूस पुन्हा आपल्या मशीनवर उभा राहतो. डोक्याचं काही आहे म्हटलं की त्याला मशीनला हात लावू देत नाहीत, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग ती कावीळ निभावणं आलं. लाइनवरचे मित्र उसाचा रस पाठवायचे, खालच्या मजल्यावरची वहिनी मुळ्याची भाजी द्यायची. फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून मी तेल आणि हळद बंद केली. पोरगी बिचारी पांढरं वरण गिळत शाळेत जायची. "पप्पांना खरंच कावीळ आहे का?" असं तिने एकदा विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले. अंगात इतकी भीती साठली होती की मायेचा शब्द तोंडातून निघतच नसे.

मंदिरात थेरगावच्या जुन्या घरातल्या एक आक्का येतात. त्यांच्या सासरी पिढ्यान्पिढ्या काविळीचं मुळीचं औषध देतात, त्याचा मोबदला घेत नाहीत. एका गुरुवारी आरती झाली, भजन सुरू व्हायचं होतं, आणि त्यांनी मला पायरीवर गाठलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मी म्हटलं, "द्या माझ्याकडे, मी घालते त्यांना."

"न्हाई गं. आमच्यात रोग्याला बघितल्याबिगर औषध देत न्हाईत. सासऱ्यांनी तसंच घालून दिलंय. चल, आत्ताच जाऊ."

ते झोपलेत, घर आवरलेलं नाही, तुम्हाला जिने चढवणार नाहीत, मी सांगायचं काही बाकी ठेवलं नाही. आक्का चप्पल घालून चालायला लागल्या. त्यांच्यामागून जाताना मी मनातल्या मनात महाराजांना नाही नाही ते बोलले. एवढं एक साधं मागणं, तेही तुमच्याने होत नाही?

आक्का पलंगाच्या कडेला बसल्या. यांचा चेहरा खिडकीकडे वळवून त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसरी. हातातली पुडी पुन्हा पदराच्या गाठीत बांधली. "डोळं तर पांढरंफेक हायेत, लेकरा," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. त्या यांच्याकडेच बघत होत्या. मग कुणाला जेवलास का म्हणून विचारावं इतक्या साधेपणाने त्यांनी विचारलं, "मरावंसं वाटतंय का?"

कित्येक आठवडे ज्यांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, ते हंबरडा फोडून रडले. आक्का पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या थोरल्या मुलाचं असंच झालं होतं. त्याला त्यांनी अंगारे-धुपारे करत सगळीकडे फिरवलं, आणि शेवटी तो डॉक्टरांच्या गोळ्यांनी उभा राहिला. आज तो घरचा गोठा बघतो. "देवानं औषध बी दिलंय की," एवढंच त्या मला म्हणाल्या, आणि उद्या दवाखान्यात नेईपर्यंत यांना एकटं सोडू नकोस म्हणून बजावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यात आल्या. डॉक्टरांसमोर हे "जरा अशक्तपणा आहे" म्हणाले. आक्कांनी यांचा हात धरला आणि जे आम्हा दोघांच्या जिभेवर येत नव्हतं ते सगळं सांगितलं. पुढे कंपनीतही त्याच आल्या. "तुमच्यात शुगरवाला कामाला हाय ना? त्यो गोळी खातो, ह्यो बी खातो. मग?" साहेबाला काही पाझर फुटला नाही. प्रेसवर मात्र नाही, म्हणाला, तयार मालाच्या तपासणीच्या टेबलावर बसवतो. पण घेतलं.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. बसमध्ये यांच्या शेजारची सीट अजून पुष्कळदा रिकामीच राहते. काही सकाळी यांचा चेहरा बघून मी डबा भरता भरता थांबते. आक्का मात्र मध्येच येतात, चहा घेतात, गोळी घेतली का विचारतात आणि जातात.

मध्यंतरी गच्चीवरचे कपडे काढताना हे एकदम म्हणाले, "त्या गुरुवारी मी ठरवलं होतं. तू भजन संपेपर्यंत यायची नाहीस, हे मला माहीत होतं." मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले.

त्यात चमत्कार होता की नाही, हे मला ठरवता येत नाही. पण देवापुढे उभं राहून त्याने काय करावं हे सांगायचं मी सोडून दिलं आहे. आता नुसते हात जोडते आणि डोळे भरून येतात. कारण महाराजांनी माझं ऐकलं असतं, तर त्या संध्याकाळी मी भजन पूर्ण करूनच घरी गेले असते.