पाटीमागच्या जाळ्या

ये गं, जवळ बस. घर बांधायला काढलंस आणि सगळे व्हेंटिलेटर बंद करायला सांगितलेस म्हणे? धूळ येते म्हणून? शहाणीच आहेस! याच खोडीपायी मी एकदा एका संस्थेच्या अध्यक्षांशी कडाकडा भांडले होते. अजून आठवलं की डोकं तडकतं.

दोन हजार साल उलटलं होतं. त्या संस्थेनं इंदिरानगरात कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघर बांधलं. डिझाइन माझं. कॉलेज मी पाहिलेलं नाही, विटा वाहता वाहता शिकले. लहानपणी नागपंचमीला बांधावरचं वारूळ पुजायचो, तेव्हा वरच्या भोकाशी हात धरला की आतून ऊबदार हवा लागायची. तेच इथे केलं. सावलीच्या उत्तर भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर जाळ्या. छतावर विटांचं उंच धुराडं, काळं रंगवलेलं. उन्हानं धुराडं तापतं, आतली गरम हवा वर ओढतं, खालून गार हवा आत येते. एसीची गरजच नाही.

एप्रिलात अध्यक्षांचा फोन. "बाई, तुमच्या वारुळात पोरं भाजून निघाली. एक मुलगी उलट्या होऊन दवाखान्यात आहे. उद्यापासून पाळणाघर बंद."

बंद? मग सातपूरला कंपनीत जाणाऱ्या बायांनी पोरं कुठे ठेवायची? पंचवटीतल्या घरून रिक्षा केली, तर वाटेत द्वारका चौकात ट्रॅफिक.

पोचले, तर पाळणाघरात नुसती भट्टी पेटलेली. उदबत्ती लावून धुराड्याखाली धरली. धूर जागचा हलेना. म्हणजे खालून हवाच येत नव्हती. बाहेर जाऊन बघते तर काय, जाळ्यांवर ही लांबलचक ग्रॅनाइटची पाटी! देणगीदारांची नावं, सगळ्यात वर अध्यक्षांचं.

"ही कोणी लावली?" दारात उभ्या अध्यक्षांना मी विचारलं.

"उद्घाटनाला लावली. पाहुण्यांसमोर भोकं बरी दिसत नव्हती."

"काढा आत्ताच्या आत्ता."

"अहो, मोठ्या लोकांची नावं आहेत! अपमान होईल. त्यापेक्षा एसी बसवू. तुम्ही शिकलेल्या नाहीत, तुम्हाला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की भिंतीचं नाक तुम्ही दाबलंय!"

तेवढ्यात त्या आजारी मुलीची आई, रेशमा, पोरीची पिशवी न्यायला आली. सगळं ऐकून घेतलं तिनं. "साहेब, तुमचं नाव सावलीत अन् माझी पोर तापात. लय झालं. मावशी, छन्नी द्या इकडं."

अध्यक्ष पाटीला पाठ लावून उभे. "हात लावून बघा!"

"सरका," मी म्हटलं, "नाहीतर नावाबरोबर तुम्हीही निघाल."

सरकले. पाटी सुटली, एक कोपरा मात्र उडाला. पुन्हा उदबत्ती धरली, तर धूर सरळ धुराड्यात. पाळणाघर बंद झालं नाही, आणि आठवड्यानं रेशमाची पोर परत आली. पाटी मी दक्षिणेच्या भिंतीवर बसवली, भर उन्हात. तापू देत नावं.

तेव्हापासून काम घेताना पहिला प्रश्न तोच विचारते: पाटी कुठे लावणार? ती जागा ठरली की मगच भिंत.

तू आता व्हेंटिलेटरना हात लावू नकोस. जा, घराचा नकाशा घेऊन ये लवकर, वारा कुठून येतो ते बघू. उदबत्तीचा पुडा काढून ठेवते.