रायडरसाठीचे हातमोजे

सायकल चालवणं ही साधना आहे. कॉलेज रोडवरच्या सायकल दुकानाचे मालक गिऱ्हाइकाचा तळहात वैद्यासारखा दाबत असं सांगतात, आणि मग "नस दबतेय" म्हणून कपाटातून गादीचे हातमोजे काढतात. माझीही नस त्यांनी दोनदा दाबली आहे.

परवा मी दुकानात असताना सातपूरच्या कारखान्यातला एक लेथ कामगार आला. सायकल चालवून त्याची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, मग मशीनवर हाताला अंदाज लागत नसे. मालकांनी बाहेर उभी असलेली त्याची जुनी काळी सायकल पाहिली आणि काढलेले हातमोजे परत कपाटात ठेवले.

"काका, हे रायडरसाठी असतात."

"रोज पंचवीस किलोमीटर होतात, साहेब. मग मी कोण?"

"ते कामावर जाणं झालं."

माझं डोकं फिरलं. "काढा ते हातमोजे बाहेर!" मी ओरडलोच.

कामगाराने कपाटातले सगळे हातमोजे घालून पाहिले. मालकांची लाडकी जाड जोडी त्याने बाजूला सारली. "यात मूठ वळत नाय," म्हणाला आणि करंगळीच्या बाजूला गादी असलेली पातळ जोडी घेऊन गेला.

मालक स्वतः दर रविवारी मिसळीच्या हॉटेलपर्यंत राईड करतात. अंतर सहा किलोमीटर आहे. परतताना सायकल टेम्पोत असते.