पिळायचे नसतात असे लंगोट

खाजणात पाण्यावर खांब रोवून उभ्या असलेल्या आमच्या वस्तीत एनेइदाच्या झपाट्याने मासळी साफ करणारं दुसरं कोणी नव्हतं. घरामागच्या फळीवर पाय खाली सोडून ती बसायची. बोय असो, शिंगाळा असो, हातात आला की पोट उघडायचं, आतडी पाण्यात भिरकावायची आणि शेजारणींशी बोलणं तसंच चालू ठेवायचं. सडलेली मासळी, कुजलेलं जाळं, खांबांवर चढलेलं शेवाळ, तिला कशाची म्हणून किळस नव्हती. पस्तिशी उलटल्यावर तिला मुलगा झाला, दाइरो, तेव्हा बायका म्हणाल्या, "हिला काय, ही पोराचं सगळं गू-मूत गाणं म्हणत काढेल."

तिच्या नवऱ्याने, ओविदियोने, शहरातून डायपरचा भलामोठा गठ्ठा होडीत घालून आणला. "माझा मुलगा चिंध्यांत वाढणार नाही," तो म्हणाला.

"तुझं बूड याच चिंध्यांनी पुसलंय," त्याची आई, दोन्या तुलिया, म्हणाली. "तेव्हा तर तक्रार केली नव्हतीस!"

म्हणून सुरुवात लंगोटांनी झाली. पण लंगोटांचे नियम म्हातारीचे, म्हणजे अख्ख्या वस्तीचे होते. धुतलेला लंगोट पिळायचा नाही, पिळला तर बाळाच्या पोटात कळा येतात. संध्याकाळच्या दवाआधी दोरीवरून काढायचा. आणि धुवायचा गोड्या पाण्यात, जे नदीवरून पिंपं भरून आणावं लागतं. न पिळलेले लंगोट दिवसभर नुसते ठिबकायचे आणि ऊन उतरलं की ओलेच घरात यायचे. चुलीवर टांगले की खालच्या नारळाच्या भाताला मुताचा वास लागायचा. एका पंधरवड्यात एनेइदा थकली. तिने गठ्ठा फोडला.

वापरलेला डायपर जाळायचा नसतो, बाळाचं बूड भाजतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पुरायला जमीन नाही. सगळ्या घरांतले जातात तिथेच तिचेही गेले, फळीवरून खाली पाण्यात.

पडलेला डायपर लगेच बुडत नाही. तो पाणी पितो, फुगतो, पांढरं पोट वर करून घराखाली खांबांना अडखळत राहतो. एनेइदा तो काठीने ढकलायची. पाणी फिरलं की तो परत यायचा, सोबत दुसऱ्यांचे दोन-चार घेऊन.

मग एका दुपारी तिने एक जाडजूड शिंगाळा चिरला. पोटातून राखाडी, बुळबुळीत, साबुदाण्यासारखं काहीतरी बदाबदा तिच्या मांडीवर सांडलं. त्यात पिवळट कापूस होता, आणि निळ्या बदकांची चिकटपट्टी. घरातल्या गठ्ठ्यावर होती तीच बदकं. तिने बोटं फ्रॉकला पुसली. ती चिकटतच राहिली. ती पाण्यावर वाकून ओकली, आणि ओकारी खायला खालून मासे वर आले.

त्या दिवसापासून मासा तिच्या घशाखाली उतरेना. आमच्याकडे मासा नाही म्हणजे जेवणच नाही. युकाचा उकडलेला कंद आणि गुळाचं पाणी यावर ती राहिली. हळूहळू दूध आटायला लागलं. दाइरो चोखायचा, सोडायचा, लालबुंद होऊन किंचाळायचा.

शेजारीण मारेल्विस होडीतूनच ओरडली, "मासे काय आज घाण खायला लागले का गं? आपले संडास कुठे उघडतात, चर्चमध्ये?"

"ते खाल्लं की संपतं," एनेइदा म्हणाली. "हे संपत नाही. मी बोटांनी काढलं, जसंच्या तसं होतं."

"डोळे मिटून गिळ," ओविदियो म्हणाला.

"आणि नाक कुठे ठेवू?"

म्हातारीने काही न विचारता तिच्या छातीला हात लावून पाहिला. "पोर उपाशी मरेल, एनेइदा."

"दोन्या तुलिया, घास तोंडाशी आला की वाटतं, माझ्याच पोराचं काढून टाकलेलं परत खातेय."



दुसऱ्या दिवशी सकाळी एनेइदाने लंगोट पुन्हा काढले. गोड्या पाण्यात धुतले. मग फळीवर उभी राहून एक लंगोट दोन्ही हातांत धरला आणि मासळीचं डोकं मुरगाळावं तसा पिळला.

"सोड! पोराचा जीव घेतेस का?" म्हातारी धावली.

"ओल्या लंगोटाने सोललं जातंय त्याचं अंग. कळा आल्या तर मी निस्तरेन."

"आल्यावर सांगेन हं तुला!"

दुपारी दाइरो पाय पोटाशी घेऊन कुंथला. "बघ!" म्हातारी म्हणाली, आणि जवळपास आनंदाने त्याच्या बेंबीवर कोमट तेल चोळत बसली. दाइरोने एक मोठा पाद सोडला आणि झोपून गेला. दोरीवरचे लंगोट दव पडायच्या कितीतरी आधी कडक वाळले होते. म्हातारीनेच ते काढले, घड्या घातल्या. नाक मात्र मुरडलेलं ठेवलं.

"उरलेला गठ्ठा?" ओविदियोने विचारलं.

"मारेल्विसला दे. आणि पुढच्या वेळी गठ्ठ्याच्या जागी पाण्याचं पिंप चढव होडीत."

"म्हणजे ते सगळं मारेल्विसच्या फळीवरून पाण्यात जाणार. मासे तेच खाणार."

एनेइदाने त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. "मग परत नेऊन दुकानदाराच्या तोंडावर मार," ती म्हणाली. पण बाकीच्या घरांचं ती काय करणार होती?

त्या संध्याकाळी तिने बोय स्वतः चिरला. पोट उलटंपालटं करून पाहिलं. आत चिखल होता, नुसता चिखल. तिने तो शिजवला, काटे काढले आणि पहिला घास तोंडात घातला. तिने तोंडावर तळवा दाबला, गिळलं, पुन्हा हात ताटाकडे नेला. खालून कोणाचा तरी फुगलेला डायपर खांबावर आपटत होता, आणि ती चावत होती, डोळ्यांतून पाणी गळत असताना. मांडीवरच्या दाइरोने छातीला तोंड लावलं. बराच वेळ तो नुसता ओढत राहिला. मग त्याच्या घशात घोट उतरल्याचा आवाज झाला, आणि एनेइदाने ताटातला पुढचा तुकडा उचलला.