रोज शेंगोळेच

केंद्रप्रमुख सर मागच्या खुर्चीवर बसले होते आणि मी पहिलीची हजेरी घेत होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे आमचे साहेब.

आमच्या वर्गात हजेरीला कुणी "हजर" म्हणत नसे. नाव पुकारलं की सकाळी घरी काय केलं होतं ते सांगायचं. चाकूर तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची छोटी शाळा. पहिलीची पोरं सुरुवातीला तोंडच उघडत नाहीत, पण खाण्याचं विचारलं की बोलतात. ट्रेनिंगमध्ये याला मौखिक भाषाविकास म्हणतात, मी गप्पा म्हणते. मग तेच शब्द मी फळ्यावर लिहायची आणि पोरं त्यातूनच वाचायला शिकायची.

कुणी पिठलं म्हणालं, कुणी वरण-भात. कोमलचं नाव आलं.

"आईनं शेंगोळे केले."

शेजारी तिचा चुलतभाऊ गणेश बसला होता. "खोटं बोलायली मॅडम. हिची आई तर कारखान्याला गेली."

खरंच होतं ते. कोमलचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला गणेशच्या आईपाशी, म्हणजे तिच्या चुलतीपाशी ठेवलं होतं. शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाची हातानं वळलेली, झणझणीत रश्श्यात शिजवलेली कडी. वळायला वेळ लागतो, रोज सकाळी कुणी करत बसत नाही. कोमल मात्र रोज तेच सांगायची आणि मी मान हलवून पुढचं नाव घ्यायची.

पोरं खिचडीला गेल्यावर सर म्हणाले, "पोरगी खोटं बोलते आणि तुम्ही बरं म्हणता? दुरुस्त करा मॅडम."

साहेबांशी वाद घालायला माझी जीभ कधी मागे राहत नाही. पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोमलला हळूच विचारलं, आज चुलतीनं काय केलं? तिनं माझ्याकडे बघितलं, मग सतरंजीकडे. त्या दिवशी ती बोलली नाही, पुढेही बोलली नाही. फळ्यावरच्या शब्दांवर फिरणारं तिचं बोट थांबलं. खिचडीही ताटात तशीच राहू लागली.

मग एक दिवस चुलती शाळेत आली. बाई चांगली होती. घरीसुद्धा पोर घास घेत नाही म्हणाली.

"तिच्या बापाचा फोन आल्ता. असंच चाललं तर येऊन घेऊन जातो म्हणतो. मी तरी काय करू मॅडम?"

उसाच्या फडात गेलेलं पोर शेंडे गोळा करतं, धाकट्याला सांभाळतं आणि पुढच्या वर्षीही जातं. शाळेच्या पटावर नुसतं नाव उरतं. अशी किती नावं मी पुकारली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीचा नियम बदलला. घरी काय केलं ते सांगा, नाहीतर काय खावंसं वाटतंय ते सांगा, दोन्ही चालेल म्हटलं. पोरं खूष झाली. एकानं बालूशाही मागितली, एकीनं कोंबडीचा रस्सा. गणेश मात्र बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"शेंगोळे," तो म्हणाला. "काकूच्या हातचे." त्याची काकू म्हणजे कोमलची आई.

कोमलनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुला तर लई तिखट लागतेत," ती म्हणाली.

वर्ग हसला, तीही हसली. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात शेंगोळे लिहिलं आणि खडू खाली ठेवेपर्यंत ती फळ्याशी येऊन बोट फिरवत होती. त्या दिवशी तिनं खिचडी दोनदा घेतली. काही दिवसांनी चुलतीनं तिच्या बापाला कळवलं, राहू द्या तिला इथंच.

सर पुन्हा आले तेव्हा त्यांनी विचारलं, आता सगळीच खोटं बोलतात का? मी म्हटलं, नाही सर, आता मागतात.

उन्हं तापली, सकाळची शाळा सुरू झाली. एके दिवशी कोमल वेणी न घालताच आली. फ्रॉकची बटणं खालीवर लागली होती. मी नाव पुकारलं.

"आज काय न्हाई केलं मॅडम," ती नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली. "आई रात्रीच कारखान्यावरनं आली, झोपली हाय."

पोर उपाशीच आली होती. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तिनं खाल्ली आणि शाळा सुटायच्या आतच घराकडे पळाली. मी हाक मारली नाही.

आता मी रिटायर होऊन लातूरला मुलाकडे असते. एकेकाळी गावातल्या घराघरातली चूल मला ठाऊक असायची, आता समोरच्या फ्लॅटमधलीही नाही. नोकरीत एवढंच कळलं की पोराचं उत्तर चुकलं तर आधी आपला प्रश्न बदलून बघावा. सून रोज सकाळी विचारते, आई, आज काय करू? मी म्हणते, कर काहीही. खरं काय पाहिजे ते तिला करता येण्यासारखं नाही. मला पहिलीची हजेरी पाहिजे.